जाळरेषेतला मुद्देमाल

झाडाच्या छातीला गेरूचा एक पट्टा आन बुंध्याला एक पट्टा पडला, की ते झाड मेलं म्हणून समजायचं, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. ज्ञानोबा त्यांचं नाव. मी मामा म्हणायची, त्यांचा लेक आबा म्हणायचा. चाळीस वर्षं त्यांनी जंगल तोडलं. निजामाच्या राज्यात तोडलं, मग ठेकेदाराचं तोडलं, मग जंगल कामगार सोसायटीचं तोडलं. राज्यं बदलली, पट्टा तोच. साहेब यायचा, तोडायच्या झाडाला गेरू मारून जायचा आन मागून ही माणसं कुऱ्हाड घेऊन जायची. बिनपट्ट्याच्या झाडाला हात लावला तर केस व्हायची, आन पट्ट्याचं झाड उभं राहिलं तर हजेरी कापली जायची. एवढं सरळ होतं ते. आता लोक मला विचारतात, "मुक्ताबाई, एवढी शहाणी तू, तुला कळलं कसं नाही?" मला राग येतो. त्यांनी यावं, चाळीस वर्षं तोच पट्टा बघावा आन मग दाखवावं कळवून.

आमची वस्ती बोरदऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून. एकवीस घरं, सगळी बौद्धांची. भिंती मातीच्या आन वर उसाचं पाचट. उसतोडीला गेलेली माणसं ढोकीच्या साखर कारखान्याहून येताना ट्रॅक्टरवर टाकून आणायची ते. डोंगर जंगल खात्याचा. पावसाळा सरला की वर कमरेएवढं गवत वाळून उभं राहायचं. त्या गवताच्या आन आमच्या पाचटाच्या मधून जाळरेषा गेलेली होती. म्हणजे वीस हात रुंद मोकळा पट्टा. थंडीत, सकाळचं दव असताना, त्यातलं गवत आपणच जाळून टाकायचं. मग उन्हाळ्यात वरून वणवा आला तरी रेषेत त्याला खायला काही मिळत नाही, तिथंच विझतो.

बहात्तरच्या दुष्काळात खड्डे खांदायचं काम निघालं. खड्ड्यांचा आकडा भरंना, म्हणून तवाच्या साहेबानं जाळरेषेतच खड्डे घ्यायला लावले. मी तरणी सून होते, माझ्याच हातांनी खांदलेत. मामा बोलले होते, "साहेब, ही रेषा हाय. हितं झाड लावत न्हायत." साहेब म्हणाला, "म्हाताऱ्या, काम पाहिजे का नको?" कामच पाहिजे होतं. दहा वर्षांत त्या खड्ड्यांतली शिरस, लिंब, सुबाभूळ दोन पुरुष उंच झाली. खाली तरवड आन घाणेरी माजली. रेषा बुजली.

त्र्याऐंशीच्या आधीच्या पावसाळ्यात आषाढात पाऊस धो धो पडला, गवत माजलं, आन श्रावणापासून जो गेला तो गेला. ज्वारी पोटरीतच करपली. गवत मात्र दिवाळीलाच कडकडीत वाळलं. मामा रोज संध्याकाळी अंगणात उभं राहून डोंगराकडं बघायचे. जेवायला हाक मारली तरी हलायचे नाहीत.

आमचे मालक, मच्छिंद्र, खात्यात रोजंदारीवर होते. आता केस पिकले, नाव घेतलं तर कोण काय करतंय. नऊ वर्षं झाली होती. दहा भरली की कायम करू, असं रेंजरसाहेब बोलला होता. आमच्या घरात सगळी गणितं त्या दहाव्या वर्षापाशी येऊन थांबायची. छपरावर पत्रं टाकायची, दहाव्या वर्षी. पोरीचं लग्न, दहाव्या वर्षी.

पौषात गार्डसाहेब वस्तीवर आले. गुरुसिद्धप्पा, उमरग्याकडचा माणूस, बोलण्यात कानडी हेल. माणूस वाईट नव्हता. गावातले लोक आमच्या दारात उभं राहून बोलायचे. हा आत येऊन, पाटावर बसून, बशीतून चहा प्यायचा. मामांनी त्याला धरलंच.

"साहेब, औंदा रेषा उघडाय पायजे. शिमग्याच्या आत. न्हायतर ही वस्ती ऱ्हात न्हाय."

"मला कळत न्हाय का, ज्ञानोबा? पण दिल्लीचा नवा कायदा आलाय. जंगलातली झाडं काढून जागा मोकळी करायची तर वरून मंजुरी लागतीय. रेंजरसाहेब म्हणतात, रेषेतली झाडं बी जंगलच. भेतेत ते. कागद गेलाय वर."

"वर म्हंजी कुठं?" मी चुलीपासून विचारलं.

"हितनं औरंगाबाद, तिथनं नागपूर, तिथनं दिल्ली."

"बया! आन वणवा कुठनं येतोय? त्यालाबी सांगा की, बाबा, नागपूरवरनं ये म्हणून."

गार्डसाहेब हसले. मामा हसले नाहीत. म्हणाले, "मुक्ता, कायद्याला नावं ठेवू नकूस. ह्यो कायदा ईस वर्सं आधी आला असता तर त्यो डोंगर असा बोडका दिसला नसता. म्याच तोडलाय त्यो. ट्रकावर ट्रक भरून दिलेत. कायदा चांगला हाय. पर रेषा बी पायजे."

"म्हणूनच सांगतो," गार्डसाहेब उठता उठता म्हणाले, "गवत काढायला कुणाची ना न्हाय. टोळी लावा. झाडांचं मागनं कळवतो."

टोळी माझीच होती. आठ बाया, तरणी माणसं सगळी ढोकीला उसात. दगडाबाई माझ्या जोडीला, वयानं मोठी पण हाताला चपळ. सकाळी दवात विळे घेऊन उभं राहायचं. बोटं बधिर व्हायची, मग कापलेलं कळायचं नाही; ऊन आलं की रक्त दिसायचं. कुसळं लुगड्यात शिरून मांड्या सोलायच्या. संध्याकाळी एकमेकींच्या पाठीची कुसळं काढत बसायचो. दगडाबाई म्हणायची, "नवऱ्यानं कधी येवढ्या पिरमानं पाठ बघितली न्हाय गं माझी."

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या टोकाला गेलो आन बघते तर काय, रेषेतल्या झाडांना पट्टे. छातीला एक, बुंध्याला एक. लालभडक गेरू. आदल्या दुपारी आम्ही खालच्या टोकाला होतो तवा गार्डसाहेब आन मालक येऊन गेले होते, आन तिथूनच मालकांना रोपं आणायला शेजारच्या वाशी गावाकडं घेऊन गेले होते. सांगायला घरी कुणीच नव्हतं.

मीच ओरडले. ते मला नाकारता येत नाही. "मामा! पट्टे पडले! आली मंजुरी!"

"येवढ्या बिगी?" दगडाबाई म्हणाली. "दिल्लीचा कागद का इमानानं आला म्हणावं?"

मामांनी एका लिंबाच्या पट्ट्यावर बोट फिरवलं. बोटाला लाल लागलं. "मागनं कळवतो म्हणले होते," ते म्हणाले, "कळवलं बघ." आन घरी जाऊन कुऱ्हाड घेऊन आले.

सदुसष्ट वर्षांचा माणूस. पण कुऱ्हाड हातात आली की कंबर सरळ व्हायची त्यांची. झाडाभोवती एकदा फिरायचे, कुठं पडणार ते बघायचे, आम्हाला सरकायला सांगायचे, आन मग घाव अगदी जमिनीसरशी. खोडकं वर राहू द्यायचे नाहीत. "ठेस लागंल असं खोडकं सोडणारा तोड्या न्हाय, खाटीक," म्हणायचे. दोन दिवसांत त्रेचाळीस झाडं पाडली. घाम पुसत पुसत वस्तीतल्या पोरांना निजामाच्या फौजदाराच्या गोष्टी सांगत होते. मला लई बरं वाटलं. दहा वर्षांची धास्ती उतरत होती आन ती आमच्याच घरच्या हातांनी उतरत होती. तिसऱ्या दिवशी फांद्या ओढून काढायच्या, चौथ्या दिवशी दवात गवत जाळायचं, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच गार्डसाहेब सायकलवरून आले, मागं मालक. सायकल त्यांच्या हातून सुटून पडली. ते एका खोडक्यापासून दुसऱ्या खोडक्यापाशी जाऊन बघायला लागले.

"ज्ञानोबा, काय केलात हे?"

"काय केलं? पट्टे मारले तुमी, म्या तोडली."

"अहो, ते मोजल्याचे पट्टे हायत! किती झाडं, किती जाडीची, वरनं विचारलं होतं. मोजून खूण केली. तोडायला न्हाय."

मामांना ते समजेचना. "साहेब, मोजाय पट्टा कशाला लागतोय? मोजाय तोंडानं मोजतेत."

खरंच होतं ते. नुसतं मोजायला कुणी कधी झाडाला पट्टा मारलेला आम्ही बघितला नव्हता. आन गार्डसाहेबांना बी दुसरा पट्टा ठावा नव्हता; हाताला जी सवय, तसाच मारला. मालक माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "तू तरी इचारायचं होतंस." मी म्हणलं, "कुणाला? वाशीला येऊन?"

त्रेचाळीस झाडं काय पदराखाली झाकता येत नाहीत. दुपारी रेंजरसाहेबाची जीप आली. पंचनामा झाला. मामांची कुऱ्हाड जप्त, आमचे विळे सुद्धा जप्त. काम बंद. मामांच्या नावावर विनापरवाना झाडतोडीचा गुन्हा. साहेब झाडामागून झाड लिहून घेत होता आन मामा उन्हात टोपी हातात घेऊन उभे होते, मास्तरापुढं पोरगं उभं राहतं तसे.

जाताना साहेब म्हणाला, "तोडलेला माल जागच्या जागी राहील. एक काडी हलवायची नाही. मुद्देमाल आहे तो. मच्छिंद्र, तुझी ड्यूटी इथंच. हलला तर तुला विचारीन."

आता बघा गंमत. रेषेत त्रेचाळीस झाडं आडवी, फांद्या पानांसकट, वरच्या गवतापासून आमच्या घरामागच्या परड्यापर्यंत. माघ गेला, फाल्गुन लागला, पानं वाळून तांबडी झाली. पाय ठेवला की फांद्या कडकडा मोडायच्या. पहिलं नुसतं गवत होतं; आता आम्ही त्यावर सरपण रचून दिलं होतं. आन माझा नवरा हातात काठी घेऊन त्याची राखण करत होता. शेळी तोंड घालायला आली तर हाकलायचा.

मी एक दिवस भूमच्या बाजारला जाते म्हणून निघाले आन तशीच रेंज ऑफिसला गेले. बाहेर बाकडं होतं, पण बसू का नको कळेना म्हणून उभीच राहिले. दुपारी साहेब बाहेर आला. मी म्हणलं, "साहेब, मुद्देमाल दुसरीकडं न्या, आमच्या अंगणात ठेवा, आमी पाचटात गुंडाळून देतो, पर रेषेतून काढा." साहेब म्हणाला, "बाई, तुमच्याच सासऱ्यानं तोडायचं आन तुम्हीच तक्रार करायची? कागद वर गेलाय. उत्तर आल्यावर बघू." कारकून तोंडाला रुमाल लावून हसला. मी एसटीची वाट न बघता चार कोस चालत आले, एवढी संतापले होते.

घरी येऊन म्हणलं, "मी ओढून काढते. आठ बाया, दोन सकाळचं काम. काय व्हायचं ते होऊ द्या."

मालक ताडकन उठले. "हात लाव तू! आबा तुरुंगात जातील आन मी घरी बसंन. नऊ वर्सं घातलीत म्या, मुक्ते. नऊ!"

"आन घर जळालं म्हंजी कायम होऊन कुठं बसणार हाव? खोडक्यावर?"

मामा भिंतीला टेकून बसले होते. गुन्हा झाल्यापासून बोलणंच कमी झालं होतं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे मुक्ता. एक डाव माझ्या हातनं चुकलं. कायदा मोडला. परत न्हाय मोडायचा."

आन आम्ही हात लावला नाही. तीन महिने ते सरपण तिथं पडून होतं; आता तीस वर्षं झाली तरी हेच मला झोपेत आठवतं. हात लावला नाही.

पाडव्यानंतर चौथा दिवस. दुपारी भाकरी खाऊन बाया सावलीला बसल्या होत्या. उसाच्या टोळ्या अजून सुटल्या नव्हत्या. वस्तीत म्हातारी, बाया आन पोरं. वारा पश्चिमेचा, सुटला तो थांबायचं नाव घेईना. आधी वास आला. मग डोंगराच्या खांद्यावर धूर. कुणी म्हणतं मेंढक्याची बिडी, कुणी म्हणतं नव्या फुटव्यासाठी कुणी गवत पेटवलं. मला ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांनी दिसलं ते एवढंच, की गवत तडतडत खाली येत होतं आन पुढं पुढं ससे पळत होते.

आम्ही लिंबाचे डहाळे घेऊन धावलो. झोडपून आग विझवायची रीत आम्हाला ठावी होती, पण ती गुडघ्याएवढ्या आगीची. मालक रेषेत उभं राहून एकटेच झोडपत होते. वरची आग रेषेला लागली आन एका दमात मुद्देमालात शिरली. त्याचा जो आवाज झाला तो मी सांगू शकत नाही. मालकांच्या भुवया जळाल्या, पोरीनं त्यांना सदऱ्याला धरून मागं ओढलं.

मामांनी एकदाच सगळीकडं नजर फिरवली. मग आमच्याच छपराचं मूठभर पाचट उपसलं, चुलीत घालून पेटवलं आन पळत वस्तीच्या उगवतीच्या कडेला गेले. तिथं परड्यापुढचं गवत अजून उभं होतं. ते त्यांनी आपल्या हातांनी पेटवलं. बाया किंचाळल्या, "म्हातारा येडा झाला!" येडा नव्हता. उलटी आग होती ती. मोठ्या आगीची झळ जवळ आली की ती हवा ओढून घेती; मामांची छोटी आग तिच्याकडं ओढली गेली, मधलं गवत खाऊन टाकलं, आन दोन्ही आगी समोरासमोर येऊन विझल्या. उगवतीची अकरा घरं त्यानं वाचली. मावळतीची दहा गेली. आमचं त्यातच होतं.

दगडाबाई शेळ्या सोडायला आत शिरली. दावी जळत होती, ती तिनं हातांनी सोडली. दोन शेळ्या निघाल्या, दोन राहिल्या. तिच्या तळहातांची कातडी मोजा काढावा तशी निघून आली. ती रडत नव्हती, नुसती हात पुढं धरून बसली होती. आमची गाय दाव्यालाच मेली.

दहा घरांची माणसं विहारात राहिली. एका खोलीचा विहार, पण भिंती दगडाच्या. तिसऱ्या दिवशी रेंजरसाहेब आला. त्यानं जळालेल्या घरांकडं बघितलं, चुकचुकला, खोटं कशाला बोलू. मग रेषेत गेला. त्रेचाळीस झाडांच्या जागी राख आन काळे ओंडके. "मुद्देमाल नष्ट झाला," तो म्हणाला. "मच्छिंद्र, राखणीला तू होतास." आन जीपमध्ये जाऊन बसला.

गार्डसाहेब मागं राहिले. विहाराच्या पायरीवर बसले, चहा सुद्धा मागितला नाही. मान खाली घालून म्हणाले, "ज्ञानोबा, साहेबाला वर कळवायचंय. गुन्ह्याचा पुरावा जळाला, म्हंजी कुणी तरी जाळला, असं धरतेत. कुणाचं तरी नाव लागतंय. मच्छिंद्र राखणीला होता. त्याचं लागलं तर नऊ वर्षांची हजेरी गेली, वर केस. आन खालच्या वाटेनं जाणाऱ्या दोघांनी जबाब दिलाय. म्हातारा पेटतं पाचट घेऊन पळत होता म्हणून."

"त्यो वस्ती वाचवत होता!" मी ओरडले. "अकरा घरं उभी हायत ती कुणामुळं? बघा की डोळे उघडून!"

"मला ठावं हाय, मुक्ताबाई. कागदावर तसं येत न्हाय."

मालकांनी भुवया नसलेलं तोंड दुसरीकडं केलं. मामांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आन म्हणाले, "माझं घाला."

"मामा!"

"गप. एक गुन्हा नावावर हायच की. दोन झाले तर काय डोई जड व्हती का? लिहा साहेब. म्या लावली. हिकडची बी आन वरची बी." आन अंगठा पुढं केला.

आषाढात वरून कागद आला. गार्डसाहेबांनी मुद्दाम वस्तीवर येऊन वाचून दाखवला. इंग्रजीत होता, त्यांनी मराठी करून सांगितलं: जाळरेषा उघडणं हे जंगल राखायचंच काम आहे, त्याला वेगळ्या मंजुरीची गरज नाही. मी विचारलं, "मग आमच्या मामांचा गुन्हा?" ते म्हणाले, "तोडीचा मिटंल. आगीचा निराळा. त्याचा ह्या कागदाशी संबंध न्हाय." त्यांनी कागदाची घडी घातली आन तो खिशात ठेवला.

श्रावणात तालुक्याच्या कोर्टात तारीख लागली. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, मालकांचा खाकी सदरा घातला. जज्जसाहेब वयानं लहान होते, बोलायला बरे होते. त्यांनी जबाब वाचला, चष्मा काढला आन विचारलं, "आजोबा, आग तुम्ही लावली?"

"व्हय साहेब."

"का लावली?"

हे कुणी त्यांना सांगून ठेवलंच नव्हतं. एवढं पाठ केलं होतं की म्या लावली, पण का, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मामांना जन्मात खोटं बोलायची सवय नव्हती. ते छपराकडं बघायला लागले, मग पायांकडं.

"थंडी वाजत होती साहेब," मामा म्हणाले.

"थंडी? चैत्रात? भर दुपारी?"

"व्हय साहेब. म्हाताऱ्या माणसाला वाजती."

सगळं कोर्ट हसलं. वकील हसले, पट्टेवाला हसला. लोक हसायलेत म्हणून मामा बी जरा हसले आन आमच्याकडं बघितलं, बरोबर बोललो का विचारावं तसं. जज्जसाहेबांनी चार महिने तुरुंग सांगितला.

मी उठून सांगायला पाहिजे होतं. पट्टे पडले म्हणून मी ओरडले होते, उलटी आग माझ्या डोळ्यांनी बघितली होती. माझ्या मनगटावर मालकांचा हात होता, घट्ट. पण खरं सांगते, तो हात नसता तरी मी उठले नसते. साडेनऊ वर्षं भरली होती मालकांच्या हजेरीची.